घरात दोघं आहेत

१

रोज सकाळी ऑफिसात पोचले की मी आधी घरात जाते. म्हणजे ऑफिसातल्याच घरात.

कॉरिडॉरच्या टोकाला, झेरॉक्स मशीन आणि अडगळीची खोली यांच्या मधोमध आम्ही एक घर उभारलंय. पलंग, ओटा, शेगडी, खरोखरचं पाणी येणारा नळ, आधाराचा दांडा लावलेलं न्हाणीघर आणि खिडकीपाशी एक वेताची खुर्ची. खिडकीबाहेर नुसती भिंत आहे, पण पडदा ओढला की कळत नाही. तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला काळी काच. घरातून पाहिलं तर तो आरसा वाटतो. काचेमागे आमची टेबलं.

या घरात कुणीही राहत नाही. तरी मी चादर ताणते, पाण्याचा जग भरते, नळ नीट बंद आहे ना बघते, खुर्चीतली गादी उलटी करून ठेवते. मग काचेमागे जाऊन बसते आणि घर जागं होतं. पलंग करकरतो. चपला फरशीवर घासत ओट्याकडे जातात. कुणीतरी खोकतं. पहिल्यांदा हे पाहिलं, खरं तर ऐकलं, तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आम्ही बनवतो ती 'शेजारीण'. साबणाच्या डबीएवढी वस्तू, भिंतीवर लावायची. तिला कॅमेरा नाही. त्यासाठी मी पहिल्या आठवड्यातच भांडले होते. म्हातारपणी कुणीतरी टक लावून बघत बसावं असं कुणाला वाटेल? शेजारीण फक्त ऐकते, आणि फरशीला बसणारे धक्के ओळखते. एकटं माणूस घरात पडलं तर ती विचारते, "ठीक आहात ना?" उत्तर आलं नाही की फोन फिरवायला लागते: नातेवाईक, शेजारपाजार, रुग्णवाहिका.

माझ्या मावशीला हे विचारणारं कुणी नव्हतं. मी दूर देशात शिकत होते, रात्रंदिवस यंत्रांना माणसाची बोली शिकवत होते, आणि जिनं मला लहानाची मोठी केलं ती माझी मावशी अख्खी दुपार न्हाणीघराच्या दारात पडून होती. संध्याकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली म्हणून वाचली. त्या फोननंतर मी सामान बांधलं. मित्रमैत्रिणी म्हणाले, वेडी आहेस का? असेन. पण आपण शिकलो ते आपल्या माणसाच्या उशाशी पोचणार नसेल, तर शिकलो कशाला?

२

शेजारणीला फसवणं हे माझं काम. म्हणजे ते काम करणाऱ्या यंत्रावर नजर ठेवणं. त्याचं नाव 'पारखी'.

पूर्वी हे काम माणूस करायचा. त्याला सगळे घरमालक म्हणत, कारण दिवसभर तोच त्या घरात असायचा. मूळचा नाटकातला नट, गोल चेहरा, भारदस्त आवाज. त्याची नोकरी पडण्याची. पलंगावरून पड, साबणावरून घसर, हसता हसता पड, फोनवर बोलता बोलता पड. "जगात मी एकटा आहे," तो सांगायचा, "जो कामावर जाऊन पडून राहतो आणि साहेब शाबासकी देतो!" तो पडायचा आणि काचेमागचे टेस्टर बघायचे शेजारीण हाक मारते का.

मग पारखी आला. त्यानं घरमालकाचं पडणं, उठणं, खोकणं, चालणं सगळं ऐकून घेतलं आणि त्यावरून हजारो नव्या रीतींनी पडायला शिकला. जमिनीखाली आणि फर्निचरमध्ये बसवलेल्या मोटारींमधून, भिंतींतल्या स्पीकरमधून तो एक नसलेला माणूस घरात फिरवतो. तोही असा की शेजारणीनं फसावं. घरमालकाला निरोप दिला गेला. मी त्याला जेमतेम आठवडाभर पाहिलं. जाताना तो हसत म्हणाला, "चला, घर भाड्यानं गेलं!" तेव्हापासून त्या नसलेल्या माणसाचं नाव पडलं भाडेकरू.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण उत्साह त्याहून मोठा होता. एक माणूस दिवसात किती वेळा पडणार? भाडेकरू थकत नव्हता. त्याला कधी लचक भरत नव्हती. त्याच्या प्रत्येक पडण्यातून कुठल्या तरी घरातली एक मावशी वाचणार होती!

आणि भाडेकरू दिवसेंदिवस जिवंत होत होता. मी ते सगळ्यांत आधी टिपलं. खुर्चीवर बसण्याआधी तो खुर्चीच्या पाठीवर दोनदा थाप मारायचा. मग किंचित थांबायचा. मग बसायचा. कुणी शिकवलं होतं त्याला हे? कुणीच नाही! मी हेडफोन लावून तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. थाप, थाप. शांतता. करकर. करकर.

"कॅप्टन, ऐका ना हे," मी आमच्या प्रमुखांना बोलावलं. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. तरुणपणी बोटीवर होते, अजून खिशात हात घालून डोलत चालतात. "किती माणसासारखं आहे! बसण्याआधी थांबतो."

कॅप्टननी एक कान हेडफोनला लावला. "विलायतीबाई, तुमचा भाडेकरू फार शिष्टाचारी दिसतो."

"पण बघा, वेत दोनदा करकरतो. बसताना एकदा करकरायला हवा ना?"

"जुनी खुर्ची आहे. माझे गुडघेही दोनदा करकरतात."

मी हसले. पण टेबलावर परत आल्यावर पुन्हा ऐकलं. दुसरी करकर ओझं पडल्याची होती: लांब, खाली जाणारी. पहिली उलटी होती. वेतावरचा भार कमी झाला की तो जसा सुटतो, तशी.

३

त्यानंतर लवकरच पारखीच्या पडद्यावर लाल पट्टी आली.

टेस्टरला लाल पट्टी म्हणजे काय, ते बाहेरच्याला समजवणं कठीण आहे. इतरांना ती नापास झाल्यासारखी वाटते. आम्हाला शिकाऱ्याला पाऊलखूण दिसावी तसं होतं. बग! मी खुर्ची ओढून पुढे सरसावले.

चाचणी साधी होती. भाडेकरू उठतो, पाणी पितो, खुर्चीवर बसतो. मग पारखी शेजारणीला विचारतो, घरात किती माणसं आहेत? अपेक्षित उत्तर: एक.

शेजारीण म्हणाली होती, "घरात दोघं आहेत."

मी पुन्हा चालवली. दोघं. भाडेकरूला पलंगावर झोपवलं. दोघं. पारखीला बंद केलं, स्पीकर आणि मोटारींची वीज काढली. घरात काही म्हणजे काही उरलं नाही. स्वतः माईकवरून विचारलं, "शेजारीणबाई, घरात किती जण?"

"एक जण आहे."

माझं काळीज धडधडायला लागलं. भीतीनं? छे! इतका सुंदर बग मी आयुष्यात पाहिला नव्हता. नेहमी एक जास्त! याचा अर्थ चूक नियमित होती, आणि नियमित चूक पकडता येते.

ती पकडणं गरजेचंही होतं, कारण आमचा एक नियम होता. सुरुवातीच्या घरांमध्ये आजोबा नातवाशी खेळताना जमिनीवर लोळले की शेजारीण हाकाटी करायची, रुग्णवाहिका दारात यायची, लोक वैतागून डबी काढून टाकायचे. म्हणून ठरलं, की घरात दुसरं माणूस असेल तर शेजारणीनं गप्प राहायचं. ते दुसरं माणूस उठेल, बघेल, सावरेल. माणसावर विश्वास ठेवायचा. हा नियम मीच मांडला होता आणि बैठकीत त्याच्यासाठी जीव तोडून बोलले होते. पण त्यासाठी शेजारणीला मोजता यायलाच हवं. एकट्या माणसाला तिनं दोघं समजलं, तर तो पडल्यावर ती दुसऱ्याच्या उठण्याची वाट बघत बसेल.

कॅप्टननी उपाय शोधला, तोही संत्रं सोलता सोलता.

"तुम्ही कुठे बसता?" त्यांनी विचारलं.

"काचेमागे."

"तुमचा श्वास, खुर्चीचं चाक, टेबलाखाली हलणारा पाय. हलवता तुम्ही, मी बघितलंय. काच काही एवढी जाड नाही. ती तुम्हाला मोजते आहे, बाई! तुमची शेजारीण तुमच्यापेक्षा तिखट कानाची निघाली."

मी कपाळावर हात मारला. अर्थातच! मी काचेमागे होतेच की. भाडेकरू आणि मी: दोघं. भाडेकरूला बंद केल्यावर फक्त मी: एक. उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं. आमचा प्रश्नच चुकला होता!

४

तरी मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना काचेमागून हाकललं, स्वतःही लिफ्टच्या पलीकडे जाऊन उभी राहिले आणि फोनवरून चाचणी चालवली. भाडेकरू उठला, पाणी प्याला, खुर्चीपाशी गेला. थाप, थाप.

"घरात दोघं आहेत."

कॉरिडॉरमधून कुणी गेलं असेल. वरच्या मजल्यावर कुणी चाललं असेल. इमारत म्हणजे माणसांचं मोहोळ, आणि कान असे तिखट. मी घरात डोकावून आले. घर जसंच्या तसं होतं. पडदा, जग, पलंग. फक्त खुर्चीतली गादी मध्यभागी दबलेली होती, आणि मी बघत असताना ती हळूहळू फुगून वर आली. मला वाटलं, सकाळी मीच कोपरानं दाबली असेल. मी उलटी केली होती ना? की आज राहिलं?

त्याच दुपारी मावशीचा फोन आला. "अगं, तुझी ती डबी कधी लावतेस? काल पुन्हा तोल गेला. पडले नाही हं, धरलं दाराला. उगाच घाबरू नकोस."

मग मी ते केलं. टेस्टरलाच सुचावं असं. चाचणी नापास होत असेल तर दोन वाटा असतात: यंत्र बदला, नाही तर अपेक्षित उत्तर बदला. दुसरी वाट आम्ही रोज वापरतो; प्रश्नच चुकीचा असेल तर ती पूर्ण प्रामाणिक असते. मी 'एक' खोडून 'दोन' केलं; खऱ्या घरात काच नसेल, तिथे ती आपोआप एकच मोजेल असं मी धरून चालले. सोबत शेजारणीला शिकवलं, की घरात कुणीतरी शांत बसलेलं असतं, न बोलणारं, फारसं न हलणारं. ते घरातलंच आहे, त्याला माणूस समजावं आणि त्याच्याबद्दल तक्रार करू नये.

पारखीचा पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. कॅप्टननी शिट्टी वाजवली. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले, मी तर नाचलेच! त्या गडबडीत काचेपलीकडे वेत करकरला. भाडेकरू चालू राहिला असेल, असं समजून मी पारखीचा पडदा बघितला. तो कधीचा थांबलेला होता.

५

मावशीच्या घरात शेजारीण लावली तो दिवस मी विसरणार नाही. स्टुलावर उभी राहून मी भिंतीला भोकं पाडत होते आणि खालून मावशीच्या सूचना चालू होत्या.

"जरा डावीकडे. आणखी. अगं, ते काय कॅलेंडर आहे? वाकडं झालं बघ."

"मावशी, तिला डोळे नाहीत. वाकडं लागलं तरी चालतं."

"तिला चालेल. मला रोज बघायचंय ना."

मावशीचं घर लहान आणि नीटनेटकं आहे. बैठकीची खोली, तिथून आत न्हाणीघराचं दार, आणि दोहोंच्या मध्ये एक सैल फरशी, पाय पडला की टक्‌ वाजणारी. लहानपणी मी चोरून बिस्किटं घ्यायला जायची तेव्हा हीच फरशी चुगली करायची. मावशीनं ती कधी बसवून घेतली नाही. "चोर आला तर कळेल," म्हणायची.

महिनाभर सगळं छान चाललं. छान म्हणजे काय, मावशी पालटली! गुणगुणायला लागली. पुन्हा शब्दकोडी सोडवायला लागली. फोनवर म्हणायची, "एकटं वाटत नाही गं आता." मी तो फोन स्पीकरवर टाकून सगळ्या ऑफिसला ऐकवला. कॅप्टननी डोळे पुसले आणि ते संत्र्याच्या सालीनं झोंबलेत असं सांगितलं.

आणि एका रविवारी मी दारातून आत पाऊल टाकत सहज 'घरात किती जण?' विचारलं, तर शेजारीण म्हणाली, "घरात तिघं आहेत."

"हिचं हे असंच," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी एकटी असले की दोघं म्हणते. मी म्हणते, म्हण बाई."

मी हसले. माझ्या डोक्यात कारणांची रांग तयार होतीच. आम्ही तिला शिकवलं होतं की घरात कुणीतरी शांत बसलेलं असतं. आमच्या ऑफिसात ते माणूस म्हणजे काचेमागची मी. इथे काच नव्हती, पण धडा तोच होता. ती पाठ केलेलं म्हणत होती. दुरुस्त करता येईल, उद्याच!

मावशी चहा घेऊन आली, खिडकीपाशी गेली आणि बसण्याआधी तिनं तिथल्या वेताच्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा थाप मारली. जरा थांबली. मग बसली.

मी कप खाली ठेवला.

"मावशी, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"खुर्चीला थोपटलंस."

"हो का?" ती जराशी लाजली. "सवय लागली हल्ली. एकदम बसलं की कसंतरीच होतं. अंगावर बसल्यासारखं."

"कुणाच्या अंगावर?"

"अगं, कुणाच्या काय? काहीतरीच विचारतेस. बिस्किट घे."

६

घरमालकाचा नंबर कॅप्टनकडे होता. तो आता मुलांना नाटक शिकवतो. फोनवर मागे मुलांचा गलका चालला होता.

"ओळखलं! विलायतीबाई! बोला, काय म्हणतो माझा भाडेकरू? अजून पडतो का?"

"तुमच्यासारखं नाही पडत," मी म्हटलं. तो खूश झाला. "एक विचारायचं होतं. बसण्याआधी खुर्चीवर दोनदा थाप मारायची, ही तुमची सवय ना? पारखीनं तुमच्याकडून उचलली."

गलका लांब गेला. तो दुसऱ्या खोलीत गेला असावा.

"माझी नाही ती," तो म्हणाला. "तिथे लागली."

"म्हणजे?"

"हसणार नाही ना? मी बसायला गेलो की ती खुर्ची गरम लागायची. मला वाटलं, तुम्ही टेस्टर लोक माझी फिरकी घेताय. मी न्हाणीघरात पडायला गेलो की कुणीतरी येऊन बसतं, आणि मी यायच्या आत पळतं. म्हणून मी आधी थाप मारायला लागलो. थाप मारायची, जरा थांबायचं. मग बसलं की खुर्ची गार." तो थोडा हसला, त्याच्या त्या भारदस्त आवाजात. "नटाला दुसऱ्याला जागा द्यायची आणि दुसऱ्याकडून जागा मागायची सवय असते हो. पण एक सांगा, तुमच्यापैकी कोण यायचं? आता तरी सांगा, रागावणार नाही."

मी म्हटलं, मीच. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवून मी सरळ कॅप्टनच्या केबिनमध्ये गेले. "मागे घ्यायला हवं. ते 'दोन' मी चुकीचं केलं. एकट्या माणसाला ती दोघं समजते आहे. कुणी पडलं तर हाक मारणार नाही."

"बसा आधी," कॅप्टन म्हणाले. मी खुर्चीकडे बघितलं आणि उभीच राहिले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. ते आनंदानं फुलले होते. "हे बघा. नवी शेजारीण घरोघरी गेल्यापासून एक खोटी हाक नाही! इतक्या घरांतून एकही तक्रार नाही. लोक काय लिहितात वाचा. एकटं वाटत नाही. एकटं वाटत नाही. सगळ्यांचं तेच! तुम्ही जिंकलात, बाई."

मी पडदा खालपर्यंत सरकवला. खोटी हाक एकही नव्हती. खरीही नव्हती. इतकी घरं, इतकी थकलेली, तोल जाणारी माणसं, आणि इतक्या दिवसांत कुणीच पडलं नाही?

"उद्या बैठक घेऊ," कॅप्टन म्हणाले. "पण पुरावा आणा. बग पुन्हा घडवून दाखवल्याशिवाय तो बग नाही. तुम्हीच शिकवता ना हे सगळ्यांना?"

७

मी तिथूनच मावशीकडे गेले. भर दुपार होती; लख्ख ऊन खिडकीतून फरशीवर पडलं होतं, आणि मला धावत सुटावंसं वाटत होतं, इतकी मी पेटले होते. योजना साधी होती. घरमालकाचं काम आज मी करणार होते.

"मावशी, तू जरा समोरच्या काकूंकडे जाऊन बस. मी हाक मारेपर्यंत यायचं नाही."

"माझ्याच घरातून मला घालवतेस?"

"फक्त पडायचंय मला."

"पड की. मी काय अडवलंय? उशी देऊ का?"

"मावशी!"

"जाते, जाते." दारात ती वळली. आधी तिनं माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. "त्यांना त्रास देऊ नकोस हं," म्हणाली, आणि आपणच चमकल्यासारखी होऊन बाहेर पडली. समोरचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

मी फोनवरून शेजारणीचा तो धडा पुसून टाकला. शांत बसलेलं माणूस, न बोलणारं माणूस, सगळं. आता तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. आता तिनं फक्त ऐकायचं होतं. घरात एकटी मी. मी पडले की तिनं विचारायला हवं, ठीक आहात ना? विचारलं, तर धडाच चुकीचा होता, आणि उद्या सगळ्या घरांतून तो पुसता येईल. इतकं सोपं! मी देवाला नाही, पण विजेच्या तारांना हात जोडले असतील मनातल्या मनात.

न्हाणीघराच्या दारात, मावशी पडली होती तिथेच, मी अंग टाकून दिलं. खांदा चांगलाच आपटला. घरमालक खूश झाला असता. गाल फरशीला टेकवून, डोळे अर्धे मिटून, मी न हलता पडून राहिले.

शेजारीण गप्प होती.

फरशी गार होती. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. समोरच्या घरातून मावशीचं हसणं पुसट ऐकू आलं. डबीवरचा छोटा दिवा लुकलुकत होता, म्हणजे ती ऐकत होती. ती जागी होती. विचार ना, मी मनात म्हणत होते. विचार. तुझं हेच तर काम आहे. याच्यासाठी मी समुद्र ओलांडून परत आले.

इथून, जमिनीच्या उंचीवरून, खोली निराळी दिसत होती. खुर्चीचे चार पाय, त्यांच्यातून पलीकडचं ऊन, गादीची खालची कड. गादी मध्ये खोल दबलेली होती. वेत खाली ताणला गेला होता, त्यावर ओझं असावं तसा. मावशी सकाळपासून बसली असेल त्यावर, मी स्वतःला सांगितलं. जुनी गादी. वेळ लागतो फुगायला.

करकर.

वेत सुटला. ताण गेला आणि तो सरळ झाला. गादी माझ्या डोळ्यांसमोर, उन्हात, सावकाश, कणाकणानं वर आली. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला! चूक पुन्हा घडली होती. माझ्या डोळ्यांदेखत घडली होती. सापडली, सापडली, असं माझ्यातला टेस्टर ओरडत होता, आणि उरलेल्या मला हात उचलता येत नव्हता.

तेव्हा शेजारीण बोलली. तिचा आवाज आम्ही महिनोन्‌महिने घासून मऊ केला होता, घाबरलेल्या माणसाला धीर वाटावा म्हणून.

"काळजी करू नका," ती म्हणाली. "ते उठलेत."

खुर्ची आणि माझ्या मधली सैल फरशी टक्‌ वाजली.